डाव्याचं उजवं करणारा आरसा

मी एक जुना आरसा आहे, आणि माझी कहाणी सुरू करण्याआधी मला एक हिशेब मांडू द्या. मित्रांनो, हिशेब म्हटल्यावर लगेच जांभई देऊ नका. यात पैशाचा संबंध नाही. माझ्यासमोर जो कोणी उभा राहतो, तो काहीतरी मिळवायला उभा राहतो, एवढंच मला इतक्या वर्षांत कळलं आहे. तर मग या गोष्टीत कोणाला काय मिळणार होतं?

भिंगरीला मिळणार होती ओळख. भिंगरी म्हणजे आमच्या मास्तरांची मुलगी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. वर्गात भिंगरीला कोणी नावाने हाक मारत नसे, "ए, ती शिंप्याची" एवढ्यावर काम भागे. मास्तरांना मिळणार होतं गिऱ्हाईक, कारण समोरच तयार कपड्यांचं मोठं काचेचं दुकान उघडलं होतं आणि लोक मापं द्यायचा कंटाळा करू लागले होते. मास्तरांची बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, दाराशी बसून काजं करायची आणि बटणं लावायची. तिला मिळणार होती बसल्या जागी करमणूक.

आणि शाळेच्या बाईंना? त्यांना काहीच मिळणार नव्हतं. त्या या व्यवहारात नव्हत्याच. एवढं ध्यानात ठेवा, शेवटी लागेल.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. साध्या काचेच्या पाठीला चकाकी चढवली, तिच्यावर लाल रंग थापला, आणि मी आरसा झालो. विचार करा, पाठ बंद केल्यावर डोळे उघडणारा जगात मी एकटाच असेन. मग एका सुताराने मला लाकडी चौकट दिली, खाली चाकं बसवली आणि दोन्ही बाजूंना पितळी खिट्ट्या लावल्या, म्हणजे मला मागेपुढे कलवता येईल. सुताराची एक खिट्टी जराशी वर लागली. तेव्हापासून मी किंचित तिरका उभा असतो. मास्तर गिऱ्हाइकांना सांगत, "आरसा तिरका आहे, तुम्ही सरळ आहात." गिऱ्हाईक खूश होई. खरं पाहता बहुतेक वेळा दोघंही तिरकेच असत.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जाड निळ्या पडद्याआड माझी जागा. तिथे लोक कपडे घालून बघत. पडद्याबाहेर ज्यांचा रुबाब मावत नसे, ते आत येऊन पोट सोडत. माप देताना श्वास रोखून धरणारे गृहस्थ नंतर "मास्तर, तुमची शिलाई आवळते" म्हणून भांडायला येत. एक नवरदेव माझ्यासमोर स्वतःशीच बोलायचा सराव करून गेला. एक म्हातारे गृहस्थ दर खेपेला मला विचारत, "कोण रे तू?" आणि मग आपणच हसत. मी कोणाचं कोणाला सांगितलं नाही. आरशाची हीच तर इभ्रत असते. समोरचा गेला की त्याचं सगळं पुसून टाकायचं.

या सगळ्यांत शाळेच्या बाई वेगळ्या. अंबाड्यात पेन खोचलेलं, हातात वह्यांची पिशवी, आणि अंगात राखाडी कोट. बाईंचा डावा खांदा लहानपणच्या दुखण्याने खाली उतरलेला होता. थोडाथोडका नव्हे, चांगला चार बोटं. पण ही गोष्ट जगात तीनच जणांना ठाऊक होती. एक बाई, दुसरे मास्तर आणि तिसरा मी. मास्तरांनी बाईंच्या कोटात डाव्या खांद्याखाली कापसाची अशी एक गादी बसवली होती की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही खांदे एका ओळीत दिसावेत. ती गादी ते स्वतः पिंजून, थरावर थर देऊन भरत. आत्यालाही हात लावू देत नसत. वरून दाबून बघत आणि पुटपुटत, "अजून पाव बोट."

तरीही नुसत्या गादीने भागत नव्हतं. कोट सरळ राहावा म्हणून बाईंना दिवसभर तो खांदा वर उचलून धरावा लागे. वर्गात, फळ्यापाशी, जिन्यावर, रस्त्यावर. गादी दबली की हंगामातून एकदा त्या दुकानात येत, कोट मास्तरांच्या हाती देत, पडदा ओढून घेत आणि माझ्यासमोर उभ्या राहून खांदा सोडून देत. खाली. मग पुन्हा थोडा वर, पुन्हा खाली. पाण्याची भरलेली बादली जिन्याच्या पायरीवर टेकवावी आणि हाताला मुंग्या आल्या म्हणून तो झटकावा, तसं. त्या वेळी बाईंचा चेहरा असा काही होई की मला वाटे, माझ्या पाठीवरचा लाल रंग सार्थकी लागला.

मित्रांनो, आता नाचाकडे येतो.

मास्तरांची एक लकब होती. कपडा अंगावर चढला की ते दोन पावलं मागे सरत, मान एका बाजूला कलती करत, गळ्यातली टेप झटक्याने खांद्यावर टाकत आणि हवेत बोट फिरवून गिऱ्हाइकाला 'वळा' म्हणत. वर्षानुवर्षं हे चाललेलं. त्यात काही बघण्यासारखं आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भिंगरीच्या आलं. तिने एकदा फोनमध्ये ते टिपलं, खाली एक ठेक्याचं गाणं चिकटवलं आणि 'मास्तर स्टेप, जमते का बघा' असं लिहून इंटरनेटवर सोडून दिलं.

जमली. सगळ्यांनाच जमली. बँकेतले कारकून, भाजीवाल्या, दवाखान्यातल्या नर्सा, आगीच्या बंबावरचे जवान, सगळे दोन पावलं मागे सरून बोट फिरवू लागले. टेप नसेल तिथे कोणी गळ्यातला रुमाल झटकला, कोणी स्टेथोस्कोप.

"दादा, तू तर जगाला वळायला लावलंस," आत्या म्हणाली.

"मी कपड्यासाठी वळवतो," मास्तर म्हणाले. "हे कशासाठी वळतायत?"

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर ते आधी माझ्यासमोर आले आणि भांग पाडला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कॉलरकडे बघितलं, त्याने पहिल्यांदा स्वतःच्या भुवया न्याहाळल्या. मला गंमत वाटली. वाईटही वाटलं थोडं, का ते सांगता येणार नाही.

दुकानात गर्दी झाली. पण ही गर्दी मापं द्यायला नव्हती. पोरं यायची, मास्तरांना मध्ये उभं करायची, सगळ्यांनी मिळून बोट फिरवायचं, आणि गर्दी निघून जायची. शिवायला एक रुमालसुद्धा टाकत नसत.

"ही माणसं आपल्याला बघायला येतात की आपल्याकडे येतात?" आत्याने एकदा सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"आत्या, आधी बघतात, मग येतात," भिंगरी म्हणाली. "समोरच्या दुकानाच्या काचेत बाहुल्या कशाला उभ्या केल्यात?"

"बाहुल्या उभ्या असतात गं. तुझा बाप दिवसभर नाचतोय. काल त्या वकिलांच्या कोटाला कॉलर उलटी लावली."

"मुद्दाम लावली असं सांगू. फॅशन म्हणून."

"वकिलाला सांगशील? जा, सांग."

भिंगरी हसली. ती खरोखर हसरी मुलगी होती हो. आता शाळेत तिला नावाने हाका मारत होते. मोठ्या वर्गातल्या मुली तिच्या शेजारी डबा उघडून बसत होत्या. तिच्या अंगात एक चमक आली होती, आणि चमक म्हणजे काय ते मी ओळखतो.

पण या नाचांना आयुष्य किती? नव्या साबणाच्या वडीएवढं. महिना उलटायच्या आत मास्तर स्टेप झिजली. बघणाऱ्यांचा आकडा हलेना. मुलींनी डबे दुसरीकडे नेले. भिंगरी फोनकडे बघत बसे, आजाऱ्याचा ताप मोजावा तशी.

"बाबा, काहीतरी नवीन करा ना."

"काय करू? टेप डाव्या खांद्यावर टाकू?"

"चेष्टा नको. खरंच."

"मला एवढंच येतं, बाळा," मास्तर म्हणाले, आणि मशीनवर वाकले.

मग भिंगरीने ठरवलं, आपणच नाचायचं, आणि आरशासमोर नाचायचं. एका दुपारी, शाळा सुटल्यावर, तिने पडदा सारून मला कोपऱ्यातून बाहेर काढलं, चाकांवरून ढकलत दुकानाच्या पुढच्या उजेडात आणलं आणि माझं तोंड दुकानाच्या मागच्या बाजूला केलं. मग कपडे बदलायला ती शेजारच्या घरात गेली. तेवढ्यात बाई आल्या. गादी दबली होती. मास्तरांनी नेहमीप्रमाणे कोट घेतला, त्यांना पडद्याआड पाठवलं आणि गादी घेऊन ते मागच्या अंगणात कापूस पिंजायला गेले. आत्या दाराशी पाठमोरी होती.

आता नीट लक्ष द्या. पडद्याआड बाई होत्या, पण मी नव्हतो. बाईंना सवय माझ्यात बघायची. त्यांनी पडदा वीतभर बाजूला केला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि दूरवर, पुढच्या उजेडात, मी त्यांना दिसलो. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डोळे मिटून खांदाही सोडला.

भिंगरी आली. कानांत इयरफोन. तिला वाटलं, दुकान रिकामं आहे. माझ्याकडे तोंड करून, हातात फोन धरून ती माझ्यातलं प्रतिबिंब टिपत नाचू लागली. तिचे डोळे तिच्याच चेहऱ्यावर होते. आरशासमोर उभ्या माणसाला आरशात आणखी कोणी दिसतं का? मी इतकी माणसं पाहिली, त्यांत तसं क्वचितच कोणी पाहिलं. पण फोन सगळं बघत होता. तिच्या मागे, पडद्याच्या फटीत, कोट काढून उभ्या असलेल्या बाई, अंबाड्यात पेन, आणि तो खांदा. खाली, थोडा वर, पुन्हा खाली.

मला पापणी नाही, मित्रांनो. समोर जे आहे ते दाखवायचं, यापलीकडे मला काही येत नाही. खिट्टी सुटून मी जरा कललो असतो तर छत दिसलं असतं. त्या सुताराने दुसरी खिट्टी मात्र घट्ट लावली होती.

आणि दैव कसं बघा, बाईंचा खांदा गाण्याच्या ठेक्यावर तंतोतंत पडत होता. ते गाणं बाईंनी ऐकलंही नव्हतं. ते भिंगरीच्या कानांत होतं.

संध्याकाळी तिने ते सोडून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी आकडा हलला. धावला. भिंगरी नाचत दुकानात आली. "आत्या, बघ, मी." आत्याने चष्मा लावला. भिंगरीच खालचे शेरे वाचू लागली. "मुलगी बरी नाचते, पण मागे बघा." "मागच्या बाई भारी." "खांदा बघा खांदा." वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. तिने चित्र बोटांनी मोठं केलं. अंबाड्यातलं पेन दिसलं.

"काढ ते," आत्या म्हणाली.

"काढते."

"आत्ता काढ."

"काढते म्हटलं ना. एवढं एक बघू दे."

ती बघत होती आणि आकडा चढत होता. तिचं बोट फोनवर टेकलेलं, दाबलं जाईना. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता. त्यात दुष्टपणा शोधूनही सापडला नसता. एक मुलगी तेवढी होती, जिच्या शेजारी बसून पुन्हा कोणीतरी डबा उघडायला हवा होता. संध्याकाळ व्हायच्या आत तिने ते काढून टाकलं. पण तोवर लोकांनी ते उचललं होतं, कापलं होतं, भिंगरीला वगळून फक्त मागची फट ठेवली होती. नाव पडलं, 'मागच्या बाई'. एका जागी उभं राहायचं, तोंड दमलेलं करायचं आणि ठेक्यावर एक खांदा पाडायचा. सोपा होता. लहान मुलांनाही जमे. जगभर खांदे पडू लागले.

मास्तरांना कळलं तेव्हा ते मशीनवरून उठले. माझ्यापाशी आले, मला ढकलत कोपऱ्यात नेलं आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. मला शिक्षा केल्यासारखं उभं केलेलं भिंगरीने बघितलं आणि ती रडू लागली.

पुढचं मी ऐकलं तेवढंच सांगतो. भिंगरी आत्याला सांगत होती. बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकांवरची मुलं ठेका धरून खांदा पाडतात.

"आणि तू?" आत्याने विचारलं.

"मी नाही पाडला."

"त्यांना गप्प बसवलंस?"

भिंगरीने बटणांचा डबा खुळखुळवला. मग म्हणाली, "बाई लिहीत असतात. वळत नाहीत. त्यांना कळतं, आत्या. त्यांचा खडू थांबतो."

"आणि?"

"आणि मग पुन्हा लिहितात."

आत्याच्या हातातली सुई थांबल्याचं मला ऐकू आलं. सुई थांबल्याचाही आवाज असतो, इतक्या वर्षांत तो मला ओळखता येतो.

मग एके दिवशी बाई आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज मी ओळखला. मशीन थांबलं.

"मास्तर, कोट आणलाय."

"गादी दबली का? लगेच भरतो. बसा." मास्तरांचा आवाज नको तितका गोड झाला होता.

"भरू नका. काढा."

"काय?"

"गादी. काढून टाका."

"बाई, असं कसं? कोट बिघडेल. एका बाजूने लोंबेल."

"लोंबू दे. आता झाकायचं कोणापासून? आणि खांदा धरून धरून मला कंटाळा आलाय हो. लोकांना माहीत नव्हतं तोवर धरण्यात अर्थ होता."

मग भिंगरीचा आवाज आला, कुठूनतरी खालून. "बाई, मी मुद्दाम नाही केलं. मला दिसलंच नाही."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तू काढून टाकलंस तेही माहीत आहे."

"मी सगळ्यांना सांगते थांबा म्हणून."

"कोणाला सांगशील? ज्यांना मी माहीत नाही, त्यांना कसं सांगशील?" मग त्या जराशा हसल्या. बाईंचं ते हसणं मी पडद्याआड कधी ऐकलं नव्हतं. "आणखी एक सांगू? सगळे चुकीचा खांदा पाडतायत. माझा डावा आहे. ते उजवा पाडतात. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा. रोज मला समोरून बघतात, तरी उजवा. इतकी वर्षं मी डावं-उजवं शिकवते, आणि ही प्रगती."

मित्रांनो, त्या क्षणी मी फुटलो असतो तर बरं झालं असतं. डाव्याचं उजवं करणं हा माझा जन्मजात धंदा. फोनने माझ्यातलं चित्र उचललं होतं, म्हणून जगाने उजवा खांदा पाडला. बाईंची नक्कल करायलाही कोणी बाईंकडे बघितलं नव्हतं.

"गादी मी काढणार नाही," मास्तर म्हणाले. "दुसरं काहीही सांगा."

"मग कात्री द्या, मी काढते."

खण उघडल्याचा आवाज आला. मग मास्तरांनी टाके उसवायची बारीक पाती घेतली. टाका उसवला की बारीकसा तडकल्यासारखा आवाज होतो. एकेक करून ते मी ऐकत राहिलो. जे टाके आत्यालाही घालू दिले नव्हते, ते मास्तर आपल्या हातांनी तोडत होते. मध्येच त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाले, "कापसाची धूळ फार."

"आरसा कुठे गेला?" बाईंनी विचारलं.

"तो राहू दे, बाई."

"वळवा."

भिंगरीने मला वळवलं. समोर बाई उभ्या होत्या, अंगात तोच राखाडी कोट. डावी बाजू उतरलेली, बाही बोटांपर्यंत आलेली, काखेत चुण्या. मास्तर सवयीने दोन पावलं मागे सरले, मान कलती केली, आणि बोट हवेत उचललं. मग ते बोट तसंच राहिलं. बाई वळल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांना, माझ्या स्वभावाप्रमाणे, उजवा खांदा उतरलेली एक बाई दाखवत होतो. मला एकदा, फक्त एकदा, खरं दाखवता आलं असतं तर.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि वह्यांची पिशवी उचलून निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात दुसरा नाच आला. डोक्यावर उशी ठेवून काहीतरी होतं. 'मागच्या बाई' जगाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. बाईंच्या मात्र राहिल्या असणार. त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. भिंगरी सांगते, त्या शिकवतात अजून, पण आता वर्गाकडे पाठ करत नाहीत, लिहायचं ते कागदावर आधीच लिहून आणतात.

मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून आहे. गिऱ्हाइकांना मास्तर हातातला छोटा आरसा देतात. कधी कधी बटणांचा डबा उघडल्याचं ऐकू येतं, ती गादी काढून ते अंगठ्याने दाबत असावेत, कारण सवयीने पुटपुटतात, "अजून पाव बोट." मग डबा बंद होतो.

मित्रांनो, मी तुम्हाला नाचू नका म्हणणार नाही. माझ्यासमोर तुम्ही नाचलात की मलाही बरं वाटतं, पाठीवरचा रंग कोवळा असल्यासारखं. फक्त फोन उचलण्याआधी एकदा आरशात बघा, आणि स्वतःला सोडून बघा. मागे कोणी आहे का? पडदा हलतोय का? त्या माणसाने तिथे काहीतरी खाली ठेवलं असेल, जे तो दिवसभर उचलून धरतो. तुमच्या डोळ्यांना पापण्या आहेत. मला नाहीत.

आता हिशेब पुरा करू. नाचणाऱ्यांना गंमत मिळाली, गाणाऱ्याला नाव मिळालं. मास्तरांना महिनाभर भांग पाडायला कारण मिळालं. आत्याची करमणूक झाली, आणि मग तिने त्या विषयावर बोलणं सोडलं. भिंगरीला ओळख मिळाली. आता शाळेत सगळे तिला ओळखतात, 'मागच्या बाईंवाली' म्हणून. आणि या सगळ्याची भरपाई केली ती व्यवहारात नसलेल्या एकट्या बाईंनी, एका खांद्याने.

डाव्या.